आखूड शेपटीची चरबी

माझे सर चरबीला कचरा म्हणायचे. स्नायूंच्या पेशीत कॅल्शियम उपसून बाजूला नेणारा प्रथिनाचा एक पंप असतो, आणि तो पातळ पडद्यातल्या, लांब शेपट्यांच्या चरबीच्या रेणूंत रुतलेला असतो. ती चरबी धुऊन काढली की पंप ठप्प. परत घातली की चालू. पण कुठलीही घालून भागत नाही. आखूड शेपटीचे रेणू घातले तर तो रखडतो. ऐंशीच्या दशकात, रत्नागिरीत, माशांच्या स्नायूंवर मी एवढंच दाखवत होते. माझी पदवी त्यावर अडली होती.

सर म्हणाले, "पंप रखडतोय, कारण तुमची मासळी शिळी आहे."

तुमची म्हणजे माझ्या वडिलांची. होडी बंदराला लागली की स्वतःच्या वाट्यातला सगळ्यात चांगला मासा ते माझ्यासाठी बाजूला काढायचे. त्याच माशाचा पंप त्याच्या स्वतःच्या चरबीत सुसाट चालत होता. मासा शिळा असता तर तो तरी कसा चालला असता? हे मी सांगितलं, तर सरांनी आलेखाकडे पाहिलंसुद्धा नाही. आखूड चरबीची बाटली परदेशातून आलेली, तेव्हा खोट असणार ती दर्यावर मासे मारणाऱ्या खारव्याच्या पोरीत!

रागाच्या भरात मी हे घरी बोलून गेले. वडील ताडकन उठले. "माझी मासळी शिळी? आणि तू आयकून घेतलंस?"

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात हजर. हातात बादली, तीत समुद्राचं पाणी, आणि पाण्यात जिवंत गोबरा. शिपायाने दारातच अडवलं. सर व्हरांड्यातून ओरडले, "मासेवाल्याला मागच्या दाराने पाठव रे!" मी धावत गेले. 'बाबा' म्हणणार, तोच त्यांनी बादली पुढे केली.

"मॅडम, तुमचा मासा," म्हणाले आणि पाठ फिरवली.

हे माझे वडील आहेत, असं मी सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. "असं होय," सर म्हणाले.

त्या गोबऱ्याचा पंपही आखूड चरबीत तसाच रखडला आणि स्वतःच्या चरबीत तसाच धावला. "म्हणजे मासळी ताजी होती तर," एवढं बोलून सर चहाला गेले. माझं काम मान्य झालं. त्या माणसाची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं.

संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं, आपण जिंकलो. वडील जाळं सांधत होते. पंपाचं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"आता मला तिकडं परत यायला नको ना गो?" म्हणाले.