पासपोर्ट मालकाकडे

माझी नात नांदेडला वकिली शिकते. परवा म्हणाली, "आज्जी, कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेऊ नये, असं देशादेशांनी मिळून ठरवलंय." मी नुसती मान हलवली. तिच्यापुढे बोलवेना, म्हणून इथे लिहिते.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराची गोष्ट. पाऊस रुसला होता, बांधकामं बंद पडली होती. आमचे हे गवंडी. देगलूरच्या एका दलालामार्फत आखातात गेले. उतरल्याबरोबर तिथल्या मालकाने पासपोर्ट काढून घेतला आणि मुदत संपली तरी परत देईना. इकडे सासूबाईंनी अंथरूण धरलं. आमच्यात पुरतात. "लेकाच्या हातची माती पडू दे," एवढंच त्या म्हणायच्या. एकुलता एक लेक.

लोक म्हणाले, "कलेक्टर आता लातुरातच बसतोय, जाऊन तर या." चुलत दिराला घेऊन चाकूरहून एसटीने गेले. भावजी अर्जाला लावायचं कोर्ट-फीचं तिकीट आणायला बाहेर पडले आणि तेवढ्यात कारकुनाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

ते मी कधी उच्चारलं नव्हतं. भावजी येतात का म्हणून दाराकडे बघितलं.

"उखाण्यात घ्या की मग," शिपाई म्हणाला.

"लग्नातला याद न्हाई काय, वहिनी?" दुसरा कुणी बोलला. सगळे हसले.

मी सरळ नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. माझाच आवाज मला मोठा वाटला.

आत बसलेला साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "दिल्लीला कळवतो. पण तिथं आपला कायदा चालत नाही, माय. मालकाच्या सहीबिगर माणूस तो देश सोडू शकत नाही."

"आन् आई मरायला टेकली म्हणून सांगितलं तर?"

"सांगता येईल," म्हणून त्याने शिक्का मारला.

दिल्लीहून चौकशी चालू असल्याचं कळलं. सासूबाई उन्हाळ्यात गेल्या. विहीर आटलेली, शेवटच्या आंघोळीला शेजारणींनी तांब्या-तांब्या पाणी आणून दिलं. माती भावजींनी दिली. तशी यांना तार केली.

ती तार घेऊन हे मालकापुढे उभे राहिले होते. घरी परतल्यावर लई दिवसांनी एकदा जेवताना सांगितलं. दुभाष्याने तार वाचून दाखवली, तर मालक म्हणाला, "पुरलं ना? मग आता जाऊन काय करणार?"

दुसऱ्या दिवशी हे थापी घेऊन तिथं परत बांधकामाच्या भिंतीवर चढले.