नेटवाल्याचा फोन

मंगळवार, सकाळी दहा. हजर: मी, माझी मुलगी आणि समुद्रपुरातला आमचा नेटवाला. अकराला मुलीची नोकरीची मुलाखत कॉम्प्युटरवर होती आणि त्यावर नेट येत नव्हतं. त्याच टेबलावरचं आमचं गेम कन्सोल मात्र त्याच नेटवर छान चालत होतं.

हा माणूस आला की आधी राउटरपुढे मांडी घालतो आणि त्याच्याशीच बोलतो. "काऊन रुसला बापू?" मग आमच्याकडे वळून, "काल कोणतं बटण दाबलं?"

"कोणतंच नाही," मुलगी म्हणाली.

"सगळे असंच सांगून राह्यले."

त्याने कन्सोलची वायर कॉम्प्युटरला लावली, काही नाही. वायर काढून वायफाय लावलं, तरी तेच. दोष कॉम्प्युटरचा असणार, असं मी ठरवलं. मग त्याने आपल्या मोबाइलचं नेट जोडलं आणि कॉम्प्युटरवर लगेच नेट आलं.

"ताई, मले समजून नाई राह्यलं," तो शांतपणे म्हणाला. मलाही समजत नव्हतं, पण त्याने ते सरळ कबूल केलं याचं बरं वाटलं.

पावणेअकराला तो मोबाइल टेबलावर तसाच चालू ठेवून पुढच्या कामाला गिरडला निघाला.

"अहो, तुमच्या गिऱ्हाइकांचे फोन?"

"तुम्ही उचलजा. लिहून ठेवजा."

मुलीची मुलाखत एकदाही न तुटता झाली. तेवढ्या वेळात तो मोबाइल घेऊन बाहेरच्या खोलीत बसून मी सात जणांच्या तक्रारी नाव-गावासह उतरवल्या आणि त्याच्या वाटच्या शिव्याही ऐकून घेतल्या. शेवटी आठवी तक्रार लिहिली: आमचा कॉम्प्युटर, कारण अजून कळलेलं नाही.