धूरमास्तरांची सुट्टी

नाटक कंपनीत त्यांना सगळे धूरमास्तर म्हणत. रंगमंचावर राजवाडा जळो की झोपडी, आग त्यांच्या हातची. नारिंगी रेशमाच्या पट्ट्या, खाली पंखा, पंख्याशेजारी तांबडा दिवा, आणि कोपऱ्यात धूर सोडणारं पत्र्याचं यंत्र. पंखा सुरू झाला की ज्वाळा अशा उसळायच्या, की पहिल्या रांगेतली माणसं पाय आखडून घ्यायची. मग टाळी पडायची. ती टाळी मास्तर विंगेत उभे राहून, मान तुकवून घेत. बघायला कोणी नसे, तरी घेत. काय दिवस होते ते.

त्या टाळीचं मोल मात्र घरी बायको चुकतं करत होती. शाळांना सुट्ट्या लागल्या की जग फिरायला निघतं, आणि नेमक्या तेव्हाच नाटकं जोरात चालतात. जंगलापलीकडे, तळ्याकाठी तिच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. ताई दर उन्हाळ्यात बोलवायची. मास्तर दर उन्हाळ्यात म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." असं म्हणता म्हणता दोघी बहिणींचे केस पिकले. लग्नाआधी दोघी एका पांघरुणात झोपायच्या. आता आवाज तेवढा फोनवरून ओळखीचा राहिला होता.

यंदा नाट्यगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलं आणि मास्तरांना सुट्टी मिळाली. मिळाली तीही अगदी शेवटच्या घटकेला. ताईने घर विकलं होतं. मुलगा तिला कायमची परदेशी घेऊन जाणार होता. "आता आलीस तर भेट," ताई फोनवर म्हणाली होती. बायकोने बहिणीसाठी लोकरीची शाल विणली, ती पिशवीत सगळ्यांत वर ठेवली आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवायची नाही असं ठरवूनच बसमध्ये बसली.

जंगलाच्या अलीकडे, फाट्यावर बस थांबली. समोरच्या डोंगरावर धूर दिसत होता.

"वणवा लागलाय," ड्रायव्हर म्हणाला. "हा रस्ता बंद केलाय. धरणावरून फेरा मारून जाता येईल. सगळा दिवस बसमध्ये जाईल, कंबरडं मोडेल, पण पोचू. काय करायचं बोला."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सुट्टीवर निघालेल्या माणसाला फेरा नको असतो. तेवढ्यात मास्तर खाली उतरले, कपाळावर हात धरून धुराकडे बघत राहिले. मग वळले. समोर बसच्या पायऱ्यांवर, टपरीच्या बाकांवर माणसं बसलेली. आयता प्रेक्षकवर्ग.

"घाबरू नका," ते म्हणाले. "हा धूर बघा. पांढरा आहे आणि सरळ वर चाललाय. म्हणजे अंक संपत आला. आग जोरात असली की धूर काळा असतो, आडवा पळतो. अहो, आयुष्य गेलं माझं आग लावण्यात."

"आग लावण्यात?" एक जाडेलसे गृहस्थ म्हणाले. "मग तुम्हाला आमच्या घरी न्यायची गरज नाही. सासूबाई आहेत."

हशा पिकला. मास्तरांना अजून चढलं. त्यांनी राजवाडा कसा जळायचा ते हातवारे करून सांगितलं. लोकांनी चहा मागवला.

बायकोने त्यांची बाही ओढली. "अहो, फेऱ्याने जाऊया ना. ताई वाट बघतेय."

"अगं, दुपारपर्यंत विझेल. उगीच हाडं खिळखिळी कशाला? धुरातलं मला कळतं."

तिने बाही सोडली. एवढी वर्षं सोडत आली होती, तशीच.

दुपारी वारा सुटला. हा पंखा मास्तरांनी लावलेला नव्हता, आणि तो बंद करायचं बटण कुठेच नव्हतं. बघता बघता धूर आडवा झाला, काळवंडला आणि धरणाच्या बाजूला पसरत गेला. आगीच्या बंबावरचा एक जवान पाणी प्यायला टपरीवर आला, त्याला गृहस्थांनी मास्तरांचा सिद्धान्त ऐकवला.

"पांढरा धूर म्हणजे ओली झाडं पेट घेतायत, काका," तो तोंड पुसत म्हणाला. "आग वाढत होती तेव्हा. सकाळी निघाला असतात तर धरणावरून पार झाला असतात. आता तोही रस्ता गेला. मागे फिरा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परतीच्या बसमध्ये मास्तरांशी कोणी बोललं नाही. गृहस्थांनी तर जागा बदलली. बायको पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. "विस्तव आणि धूर, दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं," मास्तर पुटपुटले. तिने काच लावून घेतली.

आग तळ्याकडे सरकली, तशी तिथली माणसं होडीतून हलवली. ताईला मुलगा तिथूनच विमानतळावर घेऊन गेला. ताईचं विमान सुटल्याचा निरोप आला तेव्हा बायको भाजी चिरत होती. तिने विळी आडवी केली, हात धुतले, शाल कपाटाच्या वरच्या खणात टाकली आणि पुन्हा चिरायला बसली.

छप्पर झालं. नव्या नाटकात शेवटच्या अंकात गाव जळतं, म्हणून मास्तरांना बोलावणं आलं. रंगीत तालमीला त्यांनी बायकोला आग्रह करून नेलं. नाटकवाल्या माणसाला दुसरी कुठली माफी मागता येते? तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि जीव ओतून गाव पेटवलं. नटमंडळीसुद्धा विंगेतून बघत राहिली.

तालीम संपली. सगळे गेले, ती बसूनच होती. तिने पाय आखडून घेतले नव्हते.

"कशी वाटली?" मास्तरांनी मंचावरून विचारलं.

"छान," ती म्हणाली. "डोंगरावरचीही अशीच असती, तर मी पोचले असते."

ती उठून दाराकडे चालू लागली. मास्तरांनी पंखा बंद केला. ज्वाळा फळ्यांवर गळून पडल्या. ते गुडघ्यांवर बसले आणि एकेक चिंधी गोळा करून पेटीत भरू लागले.