उजवीकडचा माणूस डावीकडे

अन्याय झाला तो माझ्या मामेभावावर. देवासच्या हॉकी संघाचा तो राइट बॅक. गेल्या दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, धारच्या मैदानावर चारची शिट्टी वाजून थोडा वेळ झाला होता, तेव्हा त्याला चालू खेळातून उजवीकडून उचलून डावीकडे नेऊन उभं केलं. कोणी केलं? धारवाल्यांनी नव्हे. आमच्याच माणसांनी.

बाहेरगावच्या वाचकाला आधी आमचं गाव समजावून सांगायला हवं, आणि तेच सांगताना दरवेळी माझं डोकं उठतं. देवास गाव एक, राजांच्या गाद्या दोन; एकेका गादीच्या वाट्याला पाती म्हणायचं. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. आमचं घर थोरल्या पातीत. मामाचं घर समोर, रस्ता ओलांडला की धाकट्या पातीत. आई खिडकीतून हाक मारून मामीकडे विरजण मागते, ते वाटीतून राज्याची हद्द ओलांडून येतं आणि त्याचं दही बिनतक्रार लागतं. पण हॉकीचा संघ? तो मात्र मोजूनमापूनच लागला पाहिजे.

संघ दोन्ही पात्यांचा मिळून एक असावा, असं दोन्हीकडच्या चार शहाण्या मंडळींनी ठरवलं, त्याची कमिटी झाली. अकराचे दोन सारखे वाटे होत नाहीत हे कमिटीला पहिल्याच बैठकीत कळलं. मग गोलकीपर इंदूरहून आणायचा, म्हणजे तो कोणाचाच नाही, असं ठरलं. इथवर मी हसलो. पुढचा ठराव ऐकला आणि हसू गेलं. दोन बॅकांपैकी एक थोरल्या पातीचा, एक धाकट्या पातीचा. आणि थोरला तो उजवीकडे. दरबारात, पंगतीत, मिरवणुकीत उजवा हात थोरल्यांचा, तसा मैदानावरही. हे कोणत्याही दरबाराने सांगितलेलं नव्हतं. वर कोणाच्या कानावरही गेलं नसेल. हे कमिटीचं स्वतःचं डोकं.

थोरल्या पातीचा बॅक मी, धाकट्या पातीचा मामेभाऊ. आणि मी जन्माचा डावखुरा. लहानपणी ताटावर डावा हात गेला की आई पळीने मारायची. हॉकीत मात्र त्या हाताचं चीज झालं. हॉकीची काठी एकाच अंगाने सपाट असते. त्याच अंगाने चेंडू मारायचा, पाठीने मारला की फाउल. चेंडू तुमच्या उजव्या हाताला आला तर सपाट अंग आपोआप समोर येतं. डाव्या हाताला आला तर काठी उलटी फिरवून, बहुधा एका डाव्या हाताने, तिच्या टोकाशी अडवावा लागतो. म्हणून डावी बाजू सांभाळणाऱ्याची उभं राहण्याची रीतच वेगळी. तो बाहेरच्या रेघेला चिकटून उभा राहतो आणि समोरच्याला आतल्या अंगाने, आपल्या उजव्या हाताकडे यायला भाग पाडतो. ही सवय अंगात मुरायला वर्षं जातात. माझ्या मुरली होती. मामेभावाच्या अंगात उजव्या बाजूची मुरली होती. तिथे त्याच्याजवळून चेंडू घेऊन जाणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

बैठक देवीच्या टेकडीखाली, ओट्यावर. थोरल्या पातीकडून अध्यक्ष माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. पागोटं, छत्री, निवृत्त दरबारी कामदाराचं खाकरणं. मी सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "आतोबा, मला डावीकडे आणि ह्याला उजवीकडे ठेवा. एवढंच मागणं आहे."

"थोरल्या पातीचा माणूस डाव्या हाताला उभा राहिला, तर लोक काय म्हणतील?"

मागून मामेभाऊ म्हणाला, "लोक म्हणतील, गोल वाचला."

"तू मध्ये बोलू नकोस."

"नाही बोलत. पण काका, धारवाले समोरून बघणार. त्यांच्या बाजूनं बघितलं तर तुमची पाती डावीकडेच दिसणार की."

यावर आतोबा खरोखर विचारात पडले. मला वाटलं, झालं काम. तर ते शेजारच्याला विचारतात, "पाहुण्यांच्या खुर्च्या कोणत्या अंगाला मांडणार आहेत, हे धारला लिहून विचारावं का?"

मी कपाळावर हात मारला. मामेभाऊ मात्र अशा वेळी जास्तच खुलतो. "काका, उद्या तुमच्या दमणीचे बैल मी जुंपतो. उजव्याचा डावा, डाव्याचा उजवा. बसा आणि उज्जैनला जाऊन या."

"बैलांना पाती नसते," आतोबा म्हणाले.

"म्हणून तर बरे चालतात बिचारे."

कमिटीतल्या धाकट्या पातीच्या गृहस्थांकडे मी मोठ्या आशेने वळलो. यांच्या माणसाला कमी मानाची बाजू दिली आहे, हे तरी भांडतील! ते छाती पुढे काढून म्हणाले, "डावी बाजू ही धाकट्या पातीच्या हक्काची आहे. ती थोरल्यांना घेऊ देणार नाही. आज बॅकची जागा सोडली, उद्या काय सोडायला लावाल?"

साखरेवर, विहिरींवर, शाळेच्या फीवर मी पत्रकं लिहिली आहेत, शिव्याही खाल्ल्या आहेत. पण ज्याला लुबाडलं जातंय तोच लुबाडणाऱ्याची बाजू घेऊन तावातावाने भांडतो, हे त्या ओट्यावर पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

आता हे सगळं खेळापुरतं असतं तर मी एवढी शाई घालवली नसती. धारच्या एका शाळेला ड्रिल मास्तर हवा होता, मुलांना हॉकी शिकवू शकेल असा. हेडमास्तरांनी मामाला निरोप दिला होता: "मुलाला सामन्यात पाहतो, मग ठरवू." मामेभावाची शाळा संपून बराच काळ लोटला होता. मामा दरबारच्या फरासखान्यात, तंबू-सतरंज्यांच्या खात्यात, लहानशा जागेवर. ड्रिलची नोकरी मिळाली नाही तर सतवासला नातलगाच्या धान्याच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरून गेलेलं. मामेभाऊ वरवर चेष्टा करायचा, पण धारला निघण्याआधी त्याने आपली काठी दोनदा तेल लावून पुसली. आणि मामीने त्याचा सदरा स्वतः धुतला, कोणाला हात लावू दिला नाही. आतोबांना हे माहीत होतं का? पूर्ण माहीत होतं. मी सांगितलं होतं. "होईल सगळं नीट," म्हणाले. जागा मात्र हलली नाही.

इंदूरपर्यंत टांगे, तिथून महूपर्यंत आगगाडी, पुढे पुन्हा टांगे. टांग्यात आम्ही दोघांनी आपापसात ठरवलं: शिट्टी होईपर्यंत कमिटीच्या मनासारखं उभं राहायचं, चेंडू हलला की जागा बदलायच्या. चालू खेळात कोण बघतंय?

तसं केलं. आणि काय सांगू! पहिला हल्ला माझ्या डाव्या अंगाने आला, तो मी रेघेवरच अडवला. दुसरा मामेभावाच्या अंगाने आला. त्याने धावणाऱ्याला येऊ दिलं, येऊ दिलं, आणि शेवटच्या क्षणी काठी अशी टाकली की तो माणूस पुढे गेला आणि चेंडू मागेच राहिला. धारच्या बघ्यांनीसुद्धा टाळी दिली. मी खुर्च्यांकडे पाहिलं. हेडमास्तरांची खुर्ची रिकामी होती. अजून यायचे होते.

तेवढ्यात छत्री दिसली. आतोबा मैदानात शिरले होते. खेळ चालू, चेंडू इकडून तिकडे, आणि हे पागोटं सावरत मधून चाललेत. पंचांनी वयाकडे बघून शिट्टी वाजवली, खेळ थांबला. मला वाटलं, आतोबांना काही झालं.

"आपापल्या जागेवर!" त्यांनी छत्रीने उजवी-डावी दाखवली. मागोमाग धाकट्या पातीचे गृहस्थ धापा टाकत आले. "बरोबर आहे! आमची डावी बाजू आम्हाला द्या!" दोन पात्यांचं एकमत मी माझ्या हयातीत कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

"आतोबा, हेडमास्तर येताहेत," मी हात जोडले. खरंच जोडले. "एवढा एक सामना."

"आणि उद्यापासून कोणीही कुठेही उभं राहील, असंच ना?"

 मामेभाऊ काठी खांद्यावर टाकून डावीकडे चालू लागला.  आणि खेळ पुन्हा सुरू होत होता तेव्हा हेडमास्तर येऊन खुर्चीवर टेकले.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगतो. धारचा उजवीकडचा पोरगा वाऱ्यासारखा पळणारा. तो दरवेळी मामेभावाच्या डाव्या अंगाने, रेघेलगत निसटायचा. मामेभाऊ सवयीने आतल्या अंगाला उभा, काठी उजवीकडे. उलटी फिरवेपर्यंत चेंडू पार. तिसऱ्यांदा निसटताना त्या पोराने ओरडून विचारलं, "क्यों भिया, डंडा घर भूल आए क्या?" सगळं मैदान हसलं. इकडे माझीही तीच गत. मी सवयीने रेघेला चिकटलेला, आणि माझ्या आतून रस्ता उघडा, एखादी बैलगाडी जाईल एवढा. इंदूरचा गोलकीपर आम्हाला शिव्या देत होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. सामना आम्ही सपाटून हरलो.

संपल्यावर मी हेडमास्तरांना गाठलं. सज्जन माणूस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम्हाला ठाऊक होतं तर तुम्ही चुकीच्या बाजूला उभे का राहिलात?"

मी सांगायला लागलो. थोरली पाती, धाकटी पाती, उजवा हात, मान. धारला गादी एक. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मला ताप चढलाय आणि मी काहीतरी बरळतोय. शेवटी म्हणाले, "मी जे पाहिलं त्यावरच ठरवणार. तुमच्या भावाला आपली डावी बाजूच सांभाळता येत नाही, तो मुलांना काय शिकवणार?"

 त्यांचंही खरंच होतं. हाच तर माझा संताप आहे! त्या मैदानावर एकही माणूस खोटं बोलत नव्हता आणि एका पोराचं आयुष्य सगळ्यांच्या देखत दुसरीकडे वळवलं गेलं.

परतीच्या टांग्यात आतोबा समाधानात होते. "हरलो, पण शिस्तीत हरलो," म्हणाले. मामेभावाने तेव्हा कुठे तोंड उघडलं. "काका, आता सतवासला दुकानात मला कोणत्या हाताला बसायचंय, तेवढं कमिटीला विचारून ठेवा." आतोबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांना ऐकू गेलं होतं. पुढचा अख्खा रस्ता ते छत्रीची मूठ चोळत बसले होते.

तो आता सतवासलाच आहे. मी मागच्या महिन्यात जाऊन आलो. दुकानासमोर ज्वारी वाळत घातली होती, आणि बकऱ्या हाकायला त्याच्या हातात तीच हॉकीची काठी. एक बकरी त्याच्या उजव्या अंगाने शिरू बघत होती. तिला काही ते जमलं नाही. "बघ," तो हसून म्हणाला, "इथं मला कोणी हलवत नाही." मला हसू आलं नाही.

मामाला धारहून कळलं आहे की शाळेने नेमलेला ड्रिल मास्तर सोडून गेला, जागा पुन्हा रिकामी आहे. यंदा दसऱ्यानंतर धारचा संघ आपल्याकडे, देवासला येतो आहे. बरोबर हेडमास्तर येणार आहेत. मामेभाऊ खेळायला तयार आहे. आतोबांना मी विचारलं, तर म्हणाले, "लोकांची हरकत नसेल तर पाहू."

लोक म्हणजे तुम्ही. या पातीचे आणि त्या पातीचे, खुर्च्यांवर बसणारे आणि कुंपणावर चढणारे. गेल्या वर्षी तुमच्या नावावर हे झालं, आणि तुम्हाला कोणी विचारलंही नाही. आता मी विचारतो. सामन्याच्या दिवशी घरी बसू नका. शिट्टी व्हायच्या आधी मैदानावर या, कमिटीच्या खुर्च्यांपुढे उभे राहा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: आमची हरकत नाही, त्या पोराला उजवीकडे उभा करा.