वारं पडलं नव्हतं

आमच्या अंथुर्ण्याकडे नागपंचमीला वावडी उडवतात. वावडी म्हणजे दोघांनी धरून आणावा लागणारा, माणसाएवढा पतंग. तिची परीक्षा एकच: उडवणाऱ्याच्या थेट डोक्यावर उभी राहिली पाहिजे. ज्याची वावडी खाली, त्याची मानही खाली.

नव्वदीतल्या एका श्रावणात माझ्या थोरल्या भावानं, दादानं, दोन महिने खपून एक वावडी बांधली. पाझर तलावात ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून तिच्या ओढीनं पलीकडचा बांध गाठायचा, असं त्याच्या मनात होतं. वडील या उद्योगाला विटले होते.

"पल्याड पोचलास तर ठेव ती," ते म्हणाले. "न्हायतर उद्या बंबात."

मी बारामतीच्या कॉलेजात फिजिक्स शिकत होतो. वहीत बाण काढून मी दादाला समजावलं, की समोर, वारा जातो त्या अंगाला खाली असलेली वावडी ओढते. डोक्यावर गेली की नुसती उचलते. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वावडीला दोरी जिथं जोडतात त्या कणीची गाठ त्यानं त्याच हिशेबानं कधीच मारून ठेवली होती, हे मला नंतर दिसलं.

नागपंचमीला आम्ही दोघं ट्यूबवर बसलो. दोरी माझ्या हातात होती. दादा पायांनी ट्यूब सरळ राखत होता. निम्मं पाणी सुरेख कापलं. बांधावर अख्खा गाव उभा होता.

"वावडी हाय का कोंबडी? वर चढंना!"

"ओ कॉलेजवालं, डोक्यावं घ्या की!"

"ऐकू नगंस," दादा म्हणाला. "म्होरंच असू दे."

पण सगळं फिजिक्स एका शिट्टीत विरघळलं. मी दोन हात दोरी ओढली. वावडी चढली. टाळ्या पडल्या, म्हणून आणखी ओढली. ती बरोबर डोक्यावर आली आणि ट्यूब जागच्या जागी थांबली. मग वावडी आम्हाला ओलांडून मागं गेली, दोरी सैल पडली आणि ती पाण्यावर पालथी आदळली.

दादा पोहत ट्यूब ढकलू लागला. मला पोहता येत नसल्यामुळे मी नवरदेवासारखा वर बसून काठाला आलो.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"वारं पडलं, आबा," दादा म्हणाला.

बांधामागचा ऊस एका अंगाला झोपला होता. पटका उडू नये म्हणून आबा स्वतः तो एका हातानं दाबून उभे होते.

सकाळी वावडी बंबात गेली. मला बारामतीची एसटी गाठायची होती, म्हणून त्या पाण्यानं पहिली आंघोळ माझी झाली.

यंदा दादा गेला. दहाव्याला बांधावरची तीच मंडळी, आता पिकल्या मिशांची, हळहळत होती.

"त्या दिशी वारं पडलं, न्हायतर पोचलाच व्हता गडी."

"वारं पडलं नव्हतं," मी म्हणालो. "मी दोरी ओढली."

मग तेव्हा वावडीला कोंबडी म्हणणाऱ्यानंच माझ्या पाठीवर हात ठेवला. "लई मनाला लावून घेतलंय यानं," तो इतरांना म्हणाला. "च्या द्या रं त्याला."