आमटीची वाटी

समोरच्या बाईंनी शाळेतली नोकरी सोडून डबे करायला घेतले, आणि महिन्याभरात त्यांचे यजमान गेले. रांधणाऱ्या बाईने चाखायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. त्यामुळे "मीठ बरोबर आहे?" असं विचारत त्या वाटी यजमानांपुढे धरायच्या. ते म्हणायचे, "बिल्कुल!"

ते गेल्यावर रोज सकाळी ती वाटी माझ्या दारात येऊ लागली. "बघता का जरा? मला नाही हो जमायचं हे." चांगली झालीय म्हटलं, तरी त्या माझा चेहरा निरखत उभ्या राहायच्या.

परवा वाटी आली नाही, म्हणून मी डोकावले. बाईंनी आमटी तळहातावर घेतली, डोळे मिटून चाखली आणि अगदी यजमानांच्या सुरात म्हणाल्या, "बिल्कुल."

मग उष्टा हात धुऊन त्या डबे भरू लागल्या. मी आल्या पावली परतले.