इंदिगिर्काची ओटी

सायबेरियातल्या इंदिगिर्का नदीचा नकाशा अमेरिकेत, आमच्या बॉथेलच्या घरी फ्रिजवर लागला, तो लेकीमुळे. नद्यांवरचा बर्फ हा तिचा अभ्यास, आणि त्या वसंतात ती सोबतच्या मंडळींबरोबर तिथे काठावर तंबू ठोकून राहणार होती. मी म्हटलं, बाई गं, जगातल्या नद्या संपल्या का?

नकाशा मी नीट बघितला. आपल्या कृष्णा-गोदावरी पूर्वेला जातात. ही बया थेट उत्तरेला, गारठ्याकडे. म्हणजे ऊब आधी उगमाकडे पोचते. वरचा बर्फ फुटतो, पाणी सुटतं, आणि खाली समुद्राकडची नदी अजून गोठलेलीच. मोरीला बोळा घालून नळ सोडावा, तशातली गत. पाणी जाणार कुठे? काठावर. आणि काठावर माझी पोर.

तरी निघताना तिच्या बॅगेत मी खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी कोंबलीच. परक्या नदीकाठी राहायचं तर आधी तिची ओटी भरायची, हे आमच्याकडे कुणी चुकवलेलं नाही. ती हसली, पण नेलं.

मे महिन्यात एकदा ऑफिसातून येऊन मी रोजच्यासारखा उपग्रहाचा फोटो उघडला. उगमाकडची पांढरी रेघ काळी पडली होती, म्हणजे वरचा बर्फ फुटला होता. तिच्या तंबूपाशी मात्र अजून पांढरीशुभ्र. सॅटेलाइट फोन लावला. तिकडे दुपार होती आणि बाईसाहेब मजेत होत्या. आज जरा वेळ मिळालाय, ओटी घेऊन बर्फावर निघालेय, म्हणाली.

"राहू दे ती ओटी," मी म्हटलं. "सगळ्यांना घेऊन आधी टेकडीवर चढ."

"आई, पण तूच म्हणाली होतीस ना?"

"आणि आता मीच सांगतेय. चढ."

चिडून का होईना, चढली. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा तिचा आवाज मला ओळखू येईना. बर्फाचे घराएवढे तुकडे एकमेकांवर चढले होते, आणि तंबू होते तिथे आता नदी होती. मी फोनवरच ढसाढसा रडले.

ती परत यायच्या आतच नकाशा मी फ्रिजवरून काढून टाकला होता. पुढल्या हिवाळ्यात तिनं तो शोधून पुन्हा लावला. मी पोळ्या लाटत राहिले. मग तिनं कपाट उघडलं आणि खण शोधायला लागली.

"आई, दोन दे," ती म्हणाली. "मागची राहिलीय."